नळाला मुंग्या का येतात?

चार वर्षांपूर्वी दिवाळीला मी वाईला मामाकडे गेले होते. वाडा जुना आहे. वीज घेतली १९५०च्या दशकात, म्हणजे मामाच्या लहानपणी. खाली मामा-मामी राहतात, माडीवर एक भाडेकरू कुटुंब. संध्याकाळी मामी मोरीत भांडी घासायला बसली आणि मला म्हणाली, "अगं, या नळाला हात लावला की मुंग्या येतात बघ. तुझ्या मामाला सांगितलं तर म्हणतात, तुला भास होतो." मामाचे म्हणणे असे की वायरमन येऊन गेला, त्याने नळाला टेस्टर लावून पाहिला, काही पेटले नाही. "साठ वर्षं हीच वायरिंग आहे, कुणाला काही झालं नाही."

मामीला भास होत नव्हता. वायरमनचा टेस्टरही खोटे बोलत नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे समजून घेताना जुन्या घरांतल्या विजेचा जवळजवळ सगळा धडा समोर येतो. आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना ओहमचा नियम शिकवताना हे उदाहरण वर्गात घेण्यासारखे आहे, कारण त्यातला प्रत्येक आकडा कुणाच्या तरी जिवाशी जोडलेला आहे. आपल्या देशात विजेच्या धक्क्याने गेल्या काही वर्षांत दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडल्याची नोंद आहे.

माणूस म्हणजे किती ओहम?

आपल्या घरातला विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. एका हातातून शिरून पायांवाटे जमिनीत जाणाऱ्या धारेला शरीराचा रोध या दाबाखाली साधारण एक ते दोन हजार ओहम असतो. त्वचा ओली असेल तर तो कमी, कोरडी असेल तर जास्त. आपण १५०० ओहम धरू. मग धारा येते २३० भागिले १५००, म्हणजे सुमारे ०.१५ अँपिअर किंवा १५० मिलिअँपिअर.

ही धारा किती घातक? अर्धा ते एक मिलिअँपिअर धारेला नुसत्या मुंग्या येतात. दहा मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू असे आखडतात की धरलेली वस्तू सोडवत नाही. अमेरिकेत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर काळजीपूर्वक प्रयोग करून ही 'सोडवण्याची मर्यादा' मोजली. ती पुरुषांसाठी सरासरी १६ आणि स्त्रियांसाठी साडेदहा मिलिअँपिअर भरली. 'विजेने ओढून घेतले' असे आपण म्हणतो ते यामुळेच. वीज कुणाला ओढत नाही. आपलेच स्नायू मूठ उघडू देत नाहीत. धारा तीस मिलिअँपिअरच्या पुढे गेली की श्वसनाचे स्नायू आणि हृदय धोक्यात येतात. पन्नास-शंभर मिलिअँपिअर धारा सेकंदभर किंवा अधिक काळ छातीतून गेली तर हृदयाचे ठोके विस्कळित होऊन ते नुसते थरथरत राहते. रक्त पुढे ढकलले जात नाही आणि काही मिनिटांत मृत्यू येतो.

म्हणजे मुंग्या आणि मृत्यू यांच्यातले अंतर शंभरपटीपेक्षाही कमी आहे. ते अंतर राखणारी गोष्ट एकच, वाटेत असलेला रोध.

फ्यूज कोणासाठी असतो?

'धक्का बसला तर फ्यूज उडेल की' असा समज सुशिक्षितांतही आढळतो. हिशेब करून पाहू. घरातल्या दिव्यांच्या फेजवर पाच अँपिअरचा फ्यूज असतो. तो वितळायला त्याच्या दीडपट ते दुप्पट धारा काही काळ वाहावी लागते. माणसाच्या शरीरातून जाणारी धारा ०.१५ अँपिअर. २३० व्होल्टला एवढी धारा म्हणजे सुमारे ३५ वॉट. फ्यूजच्या दृष्टीने विजेला चिकटलेला माणूस म्हणजे चाळिसाचा एक दिवा कुणी तरी लावला, इतकेच. तो उडण्याचे काही कारणच नाही.

फ्यूज असतो तारेच्या रक्षणासाठी. तारेतून तिच्या कुवतीपेक्षा जास्त धारा गेली तर ती तापून आग लागू नये, हे त्याचे काम. एमसीबीचेही तेच. त्यात दोन यंत्रणा असतात. दोन धातूंची जोडपट्टी हळूहळू तापून वाकते आणि दीर्घकाळचा जादा भार तोडते. शॉर्ट सर्किट झाले तर वेटोळ्याचे चुंबक खटका क्षणार्धात ओढते. जर्मनीत १९२४ साली तयार झालेली ही युक्ती उत्तम आहे, पण माणसाला ओळखणे तिलाही जमत नाही.

अर्थिंग आणि मोरीतले कोडे

मग माणसाचे रक्षण कोण करते? पहिले उत्तर, अर्थिंग. इथे आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. 'वीज जमिनीत जाते' असे आपण म्हणतो, पण धारेला जमिनीचे काही विशेष प्रेम नसते. तिला परत जायचे असते ट्रान्सफॉर्मरकडे. ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल मुद्दाम जमिनीला जोडलेला असतो, म्हणून जमीन ही परतीची एक वाट ठरते. एकाच तारेवर बसलेल्या पाखराला काही होत नाही, कारण त्याच्यातून पुढे परतीची वाट नसते. मोरीच्या ओल्या फरशीवर अनवाणी बसलेल्या माणसाला ती असते.

गिझरच्या धातूच्या बॉडीला हिरवी तार जोडून ती जमिनीत पुरलेल्या धातूपर्यंत नेली, की आत गळती झाल्यावर धारेला माणसापेक्षा कितीतरी सोपी वाट मिळते. तीन पिनांच्या प्लगमध्ये वरची पिन जाड आणि लांब असते ती याचसाठी. प्लग खोचताना अर्थ सर्वांत आधी जोडला जातो आणि काढताना सर्वांत शेवटी सुटतो. विद्यार्थ्यांना 'ही पिन लांब का?' असे विचारून पाहा. चांगली चर्चा होते.

आता वाड्याकडे वळू. जुन्या घरांत वेगळा अर्थ-खड्डा सहसा नसे. अर्थची तार घरात येणाऱ्या लोखंडी पाण्याच्या पाइपला क्लॅम्पने बांधलेली असे. पाइप रस्त्याखालून मातीत पुरलेला, त्यामुळे त्या काळी ही सोय बरी चालली. मामाच्या वाड्यातही तसेच होते. पण दोन वर्षांपूर्वी रस्त्यापासून वाड्यापर्यंतचा गंजलेला पाइप बदलून तिथे प्लॅस्टिकचा घातला गेला. प्लंबरने काम चोख केले. वायरिंगला कुणी हात लावला नाही. तरीही त्या दिवशी सबंध वाड्याचे अर्थिंग नाहीसे झाले.

प्लॅस्टिक विद्युतरोधक आहे. आतल्या पाण्यातून धारा जाणार नाही का? जाईल, पण नळाच्या पाण्याच्या अर्ध्या इंची स्तंभाचा रोध मीटरभर लांबीला लाखाच्या घरात जातो. उलट, घरात उरलेला लोखंडी पाइप सर्व नळांना आणि सर्व अर्थ-तारांना एकमेकांशी जोडून ठेवत होता, फक्त जमिनीशी नाही. माडीवरच्या गिझरची तापणारी कांडी भेगाळली होती. तिच्यातून झिरपलेला दाब बॉडीवर, बॉडीवरून अर्थच्या तारेवर, तिथून पाइपवर आणि पाइपवरून खाली मामीच्या नळावर येत होता. जी तार रक्षणासाठी घातली, तीच धोका घरभर वाटत होती.

वायरमन आला दुपारी, आणि माडीवरचा गिझर चालू होत असे संध्याकाळी. मामा पहाटे आंघोळ करतात आणि मोरीत चप्पल घालून जातात. कोड्याचे तुकडे असे जुळले.

संध्याकाळी मी टेस्टर लावला तेव्हा आतला निऑन दिवा मंद पेटला. मग मल्टिमीटर आणला. नळ आणि परसातल्या ओल्या मातीत ठोकलेली सळई यांच्यामध्ये १८० व्होल्ट दिसले. पण नुसता दाब पाहून धोका कळत नाही, म्हणून शरीराऐवजी २००० ओहमचा रोधक मध्ये जोडला. दाब घसरून ५ व्होल्टवर आला. (हे मोजमाप वाचकांनी किंवा विद्यार्थ्यांनी करू नये, मी प्रयोगशाळेत अशा कामाची सवय असलेली आहे.) पाच भागिले दोन हजार म्हणजे अडीच मिलिअँपिअर. मामीला लागत होत्या त्या मुंग्यांशी हे जुळते. उरलेले १७५ व्होल्ट गळतीच्या वाटेवरच खर्च होत होते, म्हणजे तिथला रोध १७५ भागिले ०.००२५, सुमारे सत्तर हजार ओहम.

हा सत्तर हजारांचा आकडा मला रात्रभर झोप देईना. मामी आणि २३० व्होल्ट यांच्यामध्ये उभी होती ती फक्त एका कांडीची अर्धवट चिरलेली नळी. ती चीर वाढत जाणार होती. रोध हजार-दोन हजारांवर आला असता तर मोरीतल्या नळाने मामीची मूठ सोडली नसती, आणि कुठलाही फ्यूज उडाला नसता.

माडीवरच्यांना मी तेव्हाच गिझर बंद करून प्लग काढायला सांगितला. मामा म्हणाले, "त्यांचा गिझर, त्यांनी बघावं." पण गळती मीटर कुणाच्या नावावर आहे ते विचारत नाही.

नुसते अर्थिंग पुरेल का?

परसात नवा अर्थ-खड्डा केला. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी ओतायला फनेल. आता निश्चिंत व्हायचे का? पुन्हा हिशेब करू. समजा घराच्या अर्थचा रोध १० ओहम आणि ट्रान्सफॉर्मरकडच्या अर्थचा २ ओहम आहे. गिझरमध्ये फेज सरळ बॉडीला चिकटली, तर धारा २३० भागिले १२, म्हणजे १९ अँपिअर वाहील. गिझरचा १५ अँपिअरचा फ्यूज एवढ्या धारेला बराच वेळ तग धरू शकतो. आणि तोवर गिझरच्या बॉडीवर १९ गुणिले १०, म्हणजे १९० व्होल्ट दाब राहील! अर्थिंग आहे, नियमाप्रमाणे जोडलेले आहे, आणि तरीही बॉडी प्राणघातक आहे. वर्गात हे गणित फळ्यावर सोडवले की मुले आधी उत्तरावर विश्वास ठेवत नाहीत.

म्हणून दुसरे साधन लागते, आरसीसीबी. बोलीभाषेत लोक अजून त्याला ईएलसीबी म्हणतात. त्याचे तत्त्व फार सुंदर आहे. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एका चुंबकीय कड्यातून जातात. जेवढी धारा गेली तेवढीच परत आली, तर दोघींची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना रद्द करतात. थोडीशी धारा वाट चुकून जमिनीतून परतली, तर बेरीज शून्य राहत नाही. कड्यावरच्या तिसऱ्या वेटोळ्यात दाब निर्माण होतो आणि खटका सुटतो. घरगुती उपकरणात ही मर्यादा ३० मिलिअँपिअर असते आणि तेवढ्या गळतीला ०.३ सेकंदाच्या आत वीज तुटते. गळती मोठी असेल तर याहूनही लवकर. याच तत्त्वाचे अधिक संवेदनशील उपकरण डॅल्झिएल यांनी १९६१ साली अमेरिकेत तयार केले. तिकडे ही मर्यादा ५ मिलिअँपिअरच्या आसपास ठेवतात.

दहा ओहमच्या अर्थिंगवर गळती हळूहळू वाढत ३० मिलिअँपिअरला पोचली, तर गिझरच्या बॉडीवरचा दाब होतो फक्त ०.३ व्होल्ट, आणि त्या क्षणी वीज बंद. अर्थिंग आणि आरसीसीबी यांची अशी जोडी आहे. अर्थिंग नसेल तर आरसीसीबी कोणी हात लावेपर्यंत वाट पाहतो. आरसीसीबी नसेल तर अर्थिंग अपुरे पडते.

आरसीसीबीच्या मर्यादाही मुलांना सांगाव्यात. कोरड्या लाकडी पाटावर उभे राहून कुणी एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला, तर गेली तेवढीच धारा परत येते. उपकरणाला तो माणूस दिवाच वाटतो. जादा भार किंवा शॉर्ट सर्किट हेही त्याचे काम नाही. त्यासाठी एमसीबी वेगळा हवाच.

भिंतीवरचे तीन थर

जुन्या घराची वायरिंग खडकाच्या थरांसारखी वाचता येते. वाड्यात सागवानी पट्टीवर क्लिपांनी बसवलेल्या रबरी वेष्टनाच्या तांब्याच्या तारा होत्या, त्या पहिल्या. रबर हवेतल्या ऑक्सिजनने आणि उष्णतेने कडक होत जाते. स्विच उघडून तार जराशी वाकवली की वेष्टनाचा भुगा पडतो. १९७०च्या सुमारास वाढवलेल्या खोलीत ॲल्युमिनियमच्या तारा. १९९०नंतर पीव्हीसी वेष्टनाच्या तांब्याच्या तारा. आणि हे तिन्ही थर जिथे भेटतात तिथे पीळ देऊन काळी पट्टी गुंडाळलेले जोड.

धोका मुख्यतः या जोडांत असतो. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तो वीज वाहू देत नाही. शिवाय हा धातू स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू दबतो आणि जोड सैल होतो. एखाद्या सैल जोडाचा रोध अर्धा ओहम झाला आणि त्यातून १० अँपिअर धारा गेली, तर तिथे धारेचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे ५० वॉट उष्णता तयार होते. लाकडी पट्टीवर, कोळिष्टकांत, एक सोल्डरिंगची कावी तासन्‌तास चालू ठेवण्यासारखे हे आहे. फ्यूजला यातले काही कळत नाही, कारण धारा वाढलेलीच नसते.

दुसरा धोका भाराचा. चाळीस वॉटचे चार दिवे आणि एक रेडिओ यांना मिळून एक अँपिअर पुरत असे. त्याच तारेवर आज गिझर किंवा इस्त्री आणि मिक्सर लागले की धारा दहापट होते आणि तारेत निर्माण होणारी उष्णता दहाच्या वर्गाने, म्हणजे शंभरपट. मग किटकॅट फ्यूज वरचेवर उडतो आणि कुणी तरी त्यात जाड तांब्याची तार बांधून 'कटकट' मिटवते. त्या क्षणापासून भिंतीतली तार हाच फ्यूज होतो.

जुन्या बोर्डावर आणखी एक गोष्ट पाहावी. फेज आणि न्यूट्रल दोन्हींवर स्वतंत्र किटकॅट असतील, तर न्यूट्रलचा फ्यूज उडाल्यावर दिवे बंद होतात, पण प्रत्येक होल्डरपर्यंत फेज जिवंत राहते. 'लाइट गेली' असे समजून स्टुलावर चढलेल्या माणसाला हा सापळा ठरतो. बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेले असेल तेव्हाही तेच होते. न्यूट्रलवर फ्यूज असता कामा नये.

कोणते काम आधी?

सगळे घर एकदम नव्याने वायर करणे बहुतेकांना परवडत नाही आणि 'मग बघू' म्हणत काहीच होत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा. परवानाधारक ठेकेदाराकडून पुढील क्रमाने कामे करून घ्यावीत.

पहिले, तपासणी. मेगरने ५०० व्होल्ट दाबाखाली वेष्टनांचा रोध आणि वेगळ्या उपकरणाने अर्थचा रोध मोजून आकडे कागदावर लिहून घ्यावेत. वेष्टनाचा रोध एक मेगओहमच्या खाली असेल तर ती तार बदलायलाच हवी. पाइप प्लॅस्टिकचे झाले आहेत का, हेही त्याच दिवशी पाहावे.

दुसरे, स्वतंत्र अर्थ-खड्डा आणि तिथून बोर्डापर्यंत अखंड तार. तिसरे, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, आणि एका घरात दोन मीटर असतील तर दोन. चौथे, तारेच्या जाडीला शोभणारे एमसीबी. तार तीच ठेवून मोठ्या अँपिअरचा एमसीबी बसवणे म्हणजे जाड फ्यूज-तारेचीच सुधारलेली आवृत्ती. पाचवे, गिझर आणि स्वयंपाकघरासाठी बोर्डापासून स्वतंत्र नव्या तारा. उरलेल्या खोल्या पुढच्या वर्षांत एकेक करून घेता येतात.

आरसीसीबी बसवल्यावर मामाच्या घरी तो आठवड्यातून तीनदा पडू लागला. वायरमनने सुचवले, "जुन्या घरात हे चालत नाही, बायपास करून देतो." हा सल्ला बऱ्याच घरांत दिला जातो आणि ऐकलाही जातो. ताप आला म्हणून थर्मामीटर फोडण्यातला हा प्रकार आहे. एकेक सर्किट सुटे करून पाहिले तेव्हा न्हाणीघराच्या ओल्या भिंतीतली एक रबरी तार सापडली. ती बदलल्यावर खटका पडायचा थांबला. उपकरणावर 'टी' अक्षराचे बटण असते. ते दाबले की मुद्दाम थोडी गळती निर्माण होते आणि खटका पडला पाहिजे. महिन्यातून एकदा हे करावे.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

घरच्या विजेवर कोणताही प्रयोग करू नये. आरसीसीबीचे तत्त्व मात्र टॉर्चच्या दोन सेलांवर दाखवता येते. वेष्टन असलेल्या मीटरभर लांबीच्या दोन तारा एकत्र धरून मोठ्या खिळ्याभोवती पंचवीस वेढे द्या. एका बाजूची दोन्ही टोके 'अ', दुसऱ्या बाजूची 'ब'. सेलच्या धन टोकापासून पहिल्या तारेच्या 'अ' टोकात शिरा, 'ब' टोकातून बाहेर पडून टॉर्चच्या बल्बमधून जा, मग दुसऱ्या तारेच्या 'ब' टोकातून शिरून 'अ' टोकातून सेलच्या ऋण टोकाला परता. खिळ्याच्या टोकाजवळ होकायंत्र ठेवा. बल्ब पेटतो, पण सुई हलत नाही. आता दुसरा एक बल्ब पहिल्या तारेचे 'ब' टोक आणि सेलचे ऋण टोक यांच्यामध्ये थेट जोडा. ही झाली 'गळती'. सुई लगेच वळते. 'हा दुसरा बल्ब म्हणजे कोण?' असे विचारा. मोरीतल्या मामीची गोष्ट सांगितली असेल तर उत्तर मुलेच देतील.

त्याबरोबर हेही शिकवावे की कुणाला वीज धरली तर त्या माणसाला हात लावायचा नाही. आधी मेन स्विच बंद करायचा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून दूर करायचे, श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देण्याचा प्रथमोपचार सुरू करायचा आणि तातडीने मदत बोलवायची.

मामाच्या वाड्यात आता दर महिन्याच्या एक तारखेला 'टी' बटण दाबले जाते. ते काम मामीने स्वतःकडे घेतले आहे. घरी कुणी 'मुंग्या येतात' म्हणाले, तर भास म्हणून सोडून देऊ नये. सर्वांत संवेदनशील मापक त्या घरात बऱ्याचदा तोच माणूस असतो.